लेस्नीच्या गाड्या : काचेच्या कपाटामागच्या नोंदी

१४ जून २०२५

कपाटाच्या प्रत्येक फळीवर आरसा बसवायचं आज नक्की झालं. ग्रंथपालबाईंना आधी ते पटत नव्हतं. आरशावर धूळ दिसते आणि मुलं बोटं लावतात, हे त्यांचं म्हणणं खरंच आहे. पण मॅचबॉक्सच्या या छोट्या, धातूच्या खेळण्यातल्या गाड्या वरून बघून निम्म्याच कळतात. कोणी बनवली, कुठे बनवली, नंबर कितवा, बेस कसा जोडलाय, ॲक्सलची (दोन चाकं जोडणाऱ्या दांडीची) टोकं कशी बसवलीत, हे सगळं गाडीच्या पोटाखाली असतं. मग त्यांनी स्वतःच एक गाडी उलटी करून ‘मेड इन इंग्लंड बाय लेस्नी’ ही कोरीव अक्षरं वाचली आणि म्हणाल्या, “बसवा आरसा. पुसायचं मी बघते.”

काम काय आहे ते एकदा लिहून ठेवतो. नानांचं गाव वेंगुर्ल्याजवळ. त्यांचे वडील बोटीवर नोकरीला होते. बोट लंडनच्या गोदीला लागली की परत येताना ते एक-दोन मॅचबॉक्स गाड्या खिशात टाकून आणायचे. नानांनी त्या जपल्या, आणि आता आमच्या चिंचवडच्या वाचनालयाच्या बालविभागाला दिल्या. या गाड्या मांडायच्या आणि त्या बनवणाऱ्या लेस्नी या कंपनीचा इतिहास मराठीत फलकांवर लिहायचा. फलक असे हवेत की चौथीतल्या मुलाला वाचता यावेत आणि त्याच्याबरोबर आलेल्या आजोबांनाही त्यातून काहीतरी नवं मिळावं.

१५ जून

वर्गवारी सुरू केली. पेंट कुठेही उजळायचा नाही, हे पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं. ज्या गाडीचा टवका उडालाय तो नानांनी किंवा त्यांच्या भावंडांनी खेळून उडवलेला आहे, आणि खेळणं खेळलं गेलं होतं याचा तोच पुरावा. मऊ ब्रश, साबणाचं कोमट पाणी, लगेच कोरडं फडकं, एवढंच करायचं. स्टिकर असलेल्या गाड्यांना पाणीसुद्धा नाही.

काळ ठरवायला चाकं सगळ्यात उपयोगी पडतात. सुरुवातीची चाकं धातूची. पन्नासच्या दशकाच्या शेवटाकडे करड्या प्लास्टिकची चाकं आली, मग चंदेरी, मग काळी. यात काटेकोर रेषा नाही. कारखान्यात ज्या खोक्यातली चाकं हाताशी असतील ती लागायची, त्यामुळे एकच मॉडेल दोन-तीन प्रकारच्या चाकांवर सापडतं. ॲक्सलचंही तसंच. जुन्या ॲक्सलची टोकं चिमट्यात धरून चेपल्यासारखी चपटी असतात, नंतरची ठोकून गोल केलेली. नानांच्या ५ नंबरच्या लाल डबलडेकर बसला करडी चाकं आणि गोल टोकं आहेत. म्हणजे ती पन्नासच्या दशकाच्या अखेरीची म्हणायला हरकत नाही.

२१ जून

पहिल्या फलकाचा मजकूर झाला. इथे लांबण लावली नाही.

१९ जानेवारी १९४७ रोजी लेस्ली स्मिथ आणि रॉडनी स्मिथ यांनी लंडनमध्ये कंपनी काढली. आडनाव एकच असलं तरी दोघांचं नातं नव्हतं. ओळख शाळेपासूनची, पुढे युद्धात दोघंही ब्रिटिश आरमारात. लेस्लीतला ‘लेस’ आणि रॉडनीतला ‘नी’ घेऊन नाव ठरलं लेस्नी प्रॉडक्ट्स. भांडवल सुमारे ६०० पौंड, आणि जागा म्हणजे उत्तर लंडनमधला ‘रायफलमन’ नावाचा मोडकळीला आलेला पब. रॉडनी आधी डायकास्टिंगच्या, म्हणजे वितळलेला धातू साच्यात दाबून भाग ओतण्याच्या, धंद्यात नोकरी करत होता, तिथलाच एक ओळखीचा माणूस जॉन ऊर्फ जॅक ओडेल हा आपली यंत्रं घेऊन याच जागेत आला आणि पुढे भागीदार झाला. कंपनी कशामुळे मोठी झाली असं मला कोणी विचारलं तर मी ओडेलचं नाव सांगेन. शालेय शिक्षण बेताचं, पण साचा कसा असावा, धातू कुठून आत जाईल, कुठे अडेल, हे त्याला हातानेच कळायचं.

खेळणी बनवायला कोणी निघालं नव्हतं. कंपनी इतर कारखान्यांना लागणारे छोटे ओतीव भाग बनवायची. पण वर्ष संपत आलं की मागणी आटायची, कारण १ जानेवारीच्या हिशेबात गोदामातला माल कमीत कमी दिसावा असं गिऱ्हाईक कंपन्यांना वाटायचं. त्या रिकाम्या आठवड्यांत यंत्रं चालू ठेवायला काहीतरी हवं होतं. १९४८ मध्ये त्यांनी एव्हलिंग-बारफर्डचा डिझेल रोडरोलर खेळण्याच्या रूपात काढला. दिसायला डिंकी या दुसऱ्या ब्रिटिश कंपनीच्या खेळण्यांच्या वळणाचा, पण किमतीला कमी.

पुढच्या काही वर्षांत त्यांनी काय काय ओतलं ते बघितलं तर अजून वाट सापडलेली नव्हती हे कळतं. १९५१ मध्ये बीबीसीवरच्या ‘मफिन द म्यूल’ या खेचराची दोऱ्यांवर हलणारी बाहुली काढली. मासेमारीच्या गळाला लावायला पावाचं आमिष दाबून देणारं एक छोटं प्रेससुद्धा त्यांनी बनवलं. नानांना हे सांगितलं तेव्हा ते खुर्चीत सरसावून बसले. “पावाक खयचो मासो लागता?” म्हणून मला सगळं नीट समजावून सांगायला लावलं. त्या प्रेसचं चित्र फलकावर घालायचं ठरलंय, ते केवळ नानांच्या आग्रहावरून.

२९ जून

दुसरा फलक राज्याभिषेकाच्या रथाचा. याची गोष्ट मला फार आवडते, म्हणून जागा जास्त घेतली आहे.

लेस्नीने इंग्लंडच्या राजाचा आठ घोड्यांचा रथ मोठ्या आकारात करायला घेतला होता. साचा तयार झाला आणि कोरियातल्या युद्धामुळे जस्तावर सरकारी निर्बंध आले. खेळण्यांसाठी जस्त वापरायचं नाही. जस्त नाही म्हणजे डायकास्टिंगच नाही, त्यामुळे साचे फळीवर पडून राहिले. याच काळात, १९५१ मध्ये, रॉडनी स्मिथने आपला वाटा विकून कंपनी सोडली. निर्बंध उठेपर्यंत राजे सहावे जॉर्ज वारले होते (फेब्रुवारी १९५२) आणि आता अभिषेक राणीचा व्हायचा होता. रथात मात्र राजा आणि राणी शेजारी शेजारी बसलेले. नवा साचा करण्याइतका पैसा आणि वेळ नव्हता. म्हणून साच्यातून राजाचा कमरेवरचा भाग काढून टाकला. पाय राहिले. त्या मोठ्या रथात आजही राणीशेजारी राजाचे पाय दिसतात.

मला यात कारखान्याचा खरा स्वभाव दिसतो. कठीण पोलादात कोरलेला साचा हीच त्या धंद्यातली सगळ्यात महाग वस्तू. तो टाकायचा नसतो, जमेल तसा चालवायचा असतो.

मग ओडेलने तोच रथ छोट्या आकारात काढला. २ जून १९५३ च्या राज्याभिषेकाच्या हंगामात छोटे रथ १० लाखांहून जास्त खपले. कंपनीच्या हातात पैसा खेळू लागला, आणि छोट्या आकारात धंदा आहे हे कळलं.

छोट्या आकाराची दुसरी वाट ओडेलच्या घरातून आली. त्याची मुलगी ॲन जिथे शिकत होती त्या शाळेत नियम होता की खेळणं आणायचं तर काडेपेटीत मावेल एवढंच आणायचं. ओडेलने तिला जुन्या रोडरोलरची इवलीशी पितळी प्रतिकृती करून काडेपेटीत घालून दिली. वर्गातल्या सगळ्यांनाच ती हवी झाली. १९५३ मध्ये मॅचबॉक्स मालिका बाजारात आली तेव्हा तिच्यातला १ नंबर त्या रोडरोलरलाच मिळाला. २ नंबर डंपर, ३ नंबर सिमेंट मिक्सर. किंमत दीड शिलिंगाच्या आसपास. घाऊक व्यापाऱ्यांनी आधी नाक मुरडलं, हे काय नाताळच्या क्रॅकरमध्ये, म्हणजे ओढून फोडायच्या कागदी नळीत, घालायच्या वस्तू, म्हणून. खाऊच्या पैशातून मूल स्वतः जाऊन गाडी विकत घेऊ शकतं, हे त्यांच्या लक्षात यायला वेळ लागला.

नानांच्या पेटीत रोडरोलर आहे. हिरवा, लाल रोलरचा. कपाटात तो सगळ्यात पहिला.

५ जुलै

भोसरीतल्या एका जस्ताच्या डायकास्टिंग वर्कशॉपमध्ये जाऊन आलो. ते कुलपांचे आणि नळांचे भाग करतात. गाडीच्या बॉडीपेक्षा आकार वेगळे, पण यंत्र त्याच जातीचं. मालकांनी मला भट्टीजवळ उभं केलं आणि चष्मा दिला.

मिश्रधातूत बहुतांश जस्त, सुमारे ४ टक्के ॲल्युमिनियम, आणि किंचित मॅग्नेशियम व तांबं. याला बाजारात झॅमॅक म्हणतात. सुमारे ३८५ अंशांना वितळतो. लोखंड-पितळेच्या मानाने ही धग फारच कमी, म्हणून पंपाचा भाग वितळलेल्या धातूत बुडवून ठेवता येतो. दट्ट्या खाली येतो आणि पिचकारीतून रंग उडावा तसा धातू मानेसारख्या वाकड्या नळीतून थेट साच्यात घुसतो. साचा उघडतो, पिना पुढे येऊन भाग ढकलतात, खाली पडतो. एवढं होईपर्यंत माझं बोलणं अर्धंच झालं होतं.

पडलेला भाग सुटा नसतो. चार भाग एका देठाला लागलेले, बाजूला पातळ पापुद्रा. देठ तोडायचा, पापुद्रा म्हणजे फ्लॅश काढायचा, बर म्हणजे कडेची खरखर घासायची. देठ परत भट्टीत. एका बाईंच्या हातात फाइल होती आणि त्या न बघता कडा घासत होत्या, कारण बोटालाच कळत होतं. मी खिशातून नानांची फोक्सवॅगन बीटल गाडी काढून त्यांना दाखवली. त्यांनी ती उलटी करून चाकाच्या कमानीच्या आतून नख फिरवलं आणि म्हणाल्या, “आतूनबी साफ केलंय की.”

खरंच आहे. जिथे कोणी बघणार नाही तिथेही बर राहिलेली नाही. लेस्नीच्या कारखान्यात जुळणीच्या आणि पॅकिंगच्या ओळींवर मुख्यतः आसपासच्या वस्तीतल्या बाया होत्या. आमच्या फलकांवर ओडेल आणि स्मिथ मोठ्या अक्षरांत आहेत. या बायांची नावं नाहीत, पण त्यांच्या कामावर एक पूर्ण परिच्छेद घालतो आहे, आणि त्याचा टाइप तेवढाच मोठा ठेवायला सांगितलाय.

साच्याबद्दलही तिथे बोलणं झालं. लेस्नीत आधी खऱ्या गाडीची रेखाचित्रं आणि फोटो मिळवायचे, मग खेळण्याच्या कितीतरी पट मोठा नमुना घडवायचा. पँटोग्राफ यंत्राचं एक टोक त्या मोठ्या नमुन्यावरून फिरतं आणि दुसरं टोक तेच वळण लहान करून पोलादात कोरतं. मोठ्या नमुन्यातली हातचूक लहान होताना आणखी लहान होते. म्हणून तर दोन-अडीच इंचांच्या गाडीवर दाराची मूठ आणि रेडिएटरच्या रेघा इतक्या रेखीव दिसतात. मालक म्हणाले, आता हे सगळं कॉम्प्युटरवर होतं, पण फिनिशिंगला अजूनही हातच लागतो.

१२ जुलै

मांडणीत अडचण आली. फळीवर बस आणि बीटल शेजारी ठेवल्या की दोन्ही जवळजवळ एकाच लांबीच्या दिसतात. बालविभागात येणाऱ्या एका मुलीने लगेच विचारलं, “बस एवढीशी कशी?”

उत्तर सोपं आहे आणि फलकावर आलंच पाहिजे. मॅचबॉक्समध्ये प्रमाण ठरायचं ते पेटीवरून. पेटीचा आकार ठरलेला, त्यात जे मावेल ते. त्यामुळे गाड्या एका प्रमाणात, ट्रक दुसऱ्या आणि डबलडेकर त्याहून लहान प्रमाणात. एका आकाराची पेटी म्हणजे छपाई सोपी, दुकानातला रॅक एकच, भाव एकच. काटेकोर प्रमाण मानणारे संग्राहक यावर नाराज असतात. मला ते दुःख पटत नाही. मुलाच्या मुठीत मावणं हेच त्या खेळण्याचं प्रमाण होतं.

२० जुलै

पाऊस. कपाटाच्या मागच्या भिंतीला ओल आहे. सिलिका जेलच्या पुड्या ठेवल्या, कपाट भिंतीपासून पुढे ओढलं. दोन गाड्यांच्या ॲक्सलला गंज आहे, तो तसाच ठेवून फक्त तेलाचं बोट फिरवलं.

युद्धाआधीच्या काही खेळण्यांत जस्तात शिसं मिसळलं गेलेलं असायचं, त्यामुळे धातू आतून फुगतो, तडकतो आणि भुगा होतो. नानांच्या गाड्या त्यानंतरच्या काळातल्या, आणि भिंगाखाली एकीलाही तसली चीर दिसली नाही.

२ ऑगस्ट

हॅक्नीचा फलक. पूर्व लंडनमधल्या हॅक्नी भागात, ली नदीच्या काठाला लेस्नीने कारखाना वाढवला. १९५६ मध्ये जुन्या काळच्या वाहनांची ‘मॉडेल्स ऑफ यस्टरइयर’ ही मालिका सुरू झाली, पहिलं मॉडेल वाफेवरचं ऑलचिन ट्रॅक्शन इंजिन. १९६० मध्ये कंपनीचे शेअर बाजारात आले. त्याच वर्षी मुख्य मालिकेचा आकडा ७५ वर पोचला, ७५ नंबर फोर्ड थंडरबर्ड. आकडा तिथेच गोठवला. नवी गाडी आली की जुनी जाऊन तिचा नंबर नवीला मिळायचा. म्हणून ५ नंबरची बस एक नाही, एकामागून एक अनेक आहेत. साठच्या दशकाच्या अखेरीपर्यंत नंबर बसचाच राहिला, कारण लंडनची लाल बस सगळ्यांनाच हवी होती.

साठच्या दशकाच्या मध्याला वर्षाचं उत्पादन १० कोटी गाड्यांच्या पलीकडे गेलं. १९६६ मध्ये निर्यातीसाठी राणीचा उद्योग पुरस्कार मिळाला, साठच्या दशकाच्या अखेरीला ओडेल आणि लेस्ली स्मिथ दोघांना ओबीई हा ब्रिटिश सन्मान. जुळणीची बरीच यंत्रं कारखान्यातच बनवलेली होती. कंपनी सगळ्यात वर होती ती याच काळात.

नानांची थंडरबर्ड मलईच्या आणि गुलाबी रंगाची आहे. ही त्यांच्या बहिणीची होती आणि तिने ती कोणालाच खेळायला दिली नाही, त्यामुळे पेंट जवळजवळ नव्यासारखा. बहीणबाई आता नाहीत. नानांनी ही गाडी द्यावी की नाही याचा बरेच दिवस विचार केला होता.

१० ऑगस्ट

आज ज्या फलकाचा मजकूर झाला त्यासाठीच मी हे काम अंगावर घेतलं. सगळीकडे एक गोष्ट सांगितली जाते : १९६८ मध्ये अमेरिकेत हॉट व्हील्स आल्या आणि त्यांनी मॅचबॉक्सला संपवलं. ऐकायला छान आहे, पण तारखा ती उभी राहू देत नाहीत.

आधी काय घडलं ते. कॅलिफोर्नियातल्या मॅटेल कंपनीने, म्हणजे बार्बी बाहुलीवाल्या मॅटेलने, १९६८ मध्ये हॉट व्हील्सच्या पहिल्या १६ गाड्या काढल्या. चकाकता रंग, मोठी मागची चाकं, नारिंगी ट्रॅक. खरं वेगळेपण मात्र खाली होतं. ॲक्सल बारीक तारेचा होता. चाक ॲक्सलवर घासतं तिथे घर्षण होतं, आणि ते घर्षण चाकाला किती जोराने अडवणार हे ॲक्सलच्या जाडीवर ठरतं. तार बारीक तर अडवणूक कमी. शिवाय चाकाच्या आत निसरड्या प्लास्टिकचं बेअरिंग. गाडी उतारावर सोडली की थांबायचंच नाव नाही.

मॅचबॉक्सच्या गाड्यांना जाड ॲक्सल होता. तो मजबूत होता, पायाखाली आला तरी वाकत नव्हता. वेगाचा विचार त्यात नव्हताच, कारण हातात धरून, तोंडाने आवाज काढत, सतरंजीच्या काठावरून चालवायच्या गाड्या त्या.

हे मुलांना दाखवायला आज फळीचा उतार करून बघितला. नानांच्या पेटीत फोक्सवॅगन बीटल दोन आहेत, दोन्ही १५ नंबर, दोन्हींच्या दारावर १३७ आकडा. बॉडी तीच. पांढरट बीटल जुन्या चाकांची, लाल बीटल नव्या बारीक ॲक्सलची. पांढरी उतारावरून सरळ खाली आली, फरशीवर थोडं अंतर गेली आणि थांबली. लाल बीटल बालविभागाची चटई ओलांडून थेट नियतकालिकांच्या रॅकखाली गेली. ग्रंथपालबाईंनी ती काठीने बाहेर काढली आणि “परत सोडा” म्हणाल्या.

ही लाल बीटल म्हणजे लेस्नीचं उत्तर. १९६९ मध्ये त्यांनी ‘सुपरफास्ट’ चाकं आणली आणि थोड्याच काळात सगळी मालिका त्यावर नेली. याचं मोल नीट समजून घ्यायला हवं. ॲक्सल बदलला की बेस बदलतो, चाकाची कमान बदलते, साचे बदलतात, आणि स्वतः बनवलेली जुळणीची यंत्रंही बदलावी लागतात. १० कोटींच्या हिशेबाने उभा केलेला कारखाना चालू ठेवून हे केलं. म्हणून मधल्या काळात जुन्या बॉडीला नवी चाकं लावलेल्या गाड्या दिसतात, काहींच्या कमानीतून चाकं बाहेर डोकावतात. आमची लाल बीटल त्यांतलीच. कंपनीला तोटा झाला, अमेरिकेतली विक्री कोसळली, धडपडीची वर्षं गेली. पण ती सावरली. १९७१ मध्ये मोठ्या आकाराची सुपर किंग्ज मालिका आली, आणि सत्तरच्या दशकाच्या अखेरीला तर लेस्नीने अमेरिकेतली एएमटी ही मॉडेल किट बनवणारी कंपनी विकत घेतली. संपलेली कंपनी दुसऱ्या कंपन्या विकत घेत नाही.

लेस्नी बुडाली १९८२ मध्ये. हॉट व्हील्सनंतर तब्बल १४ वर्षांनी.

आणि एकटी बुडाली नाही. लिव्हरपूलमधला डिंकीचा बिन्स रोडचा कारखाना १९७९ मध्ये बंद झाला. मॉडेल किट बनवणारी एअरफिक्स १९८१ मध्ये कोलमडली. वेल्समधल्या स्वान्सीत कॉर्गी गाड्या बनवणारी मेटॉय १९८३ मध्ये. ब्रिटनमध्ये तेव्हा मंदी होती, व्याजदर चढे होते, पौंड महाग झाल्याने निर्यातीचा माल परदेशात महाग पडत होता, आणि हाँगकाँगमध्ये तेच काम फार कमी मजुरीत होत होतं. निर्यातीवर उभी असलेली कंपनी अशा वेळी सगळ्यात आधी झिजते. १९६६ चा पुरस्कार ज्या निर्यातीसाठी मिळाला तीच पुढे जड झाली.

फलकाचं शीर्षक ‘हॉट व्हील्सशी सामना’ असं होतं, ते बदलून ‘दोन बीटल’ केलं.

१७ ऑगस्ट

नानांना सगळा मजकूर वाचून दाखवला. त्यांनी एका शब्दावर बोट ठेवलं. मी ‘लेस्नीचं अपयश’ लिहिलं होतं. नाना म्हणाले, “बोटीवरसून उतरलेली कितीशी माणसां मी बघलंय. बोट भंगारात गेली म्हणून खलाशी नापास झालो असा आमच्यात म्हणनत नाय.” शब्द बदलून ‘कंपनी बंद पडली’ केलं. जे घडलं त्याला तेवढेच शब्द पुरतात.

२४ ऑगस्ट

शेवटच्या काळाचा फलक. नाना उद्या गणपतीला गावी निघणार, म्हणून आजच पुरा केला.

११ जून १९८२ रोजी लेस्नी दिवाळखोरीत गेली. हाँगकाँगच्या डेव्हिड ये यांच्या युनिव्हर्सल टॉइजने मॅचबॉक्सचं नाव आणि साचे घेतले. गाड्यांचं उत्पादन पूर्वेकडे, मकावला गेलं. पोटाखालचं ‘मेड इन इंग्लंड’ जाऊन ‘मेड इन मकाव’ आलं. १९८७ मध्ये युनिव्हर्सलने डिंकीचं नावही घेतलं, म्हणजे जुना प्रतिस्पर्धी मॅचबॉक्सच्याच घरात आला. १९९२ मध्ये मॅचबॉक्स अमेरिकेच्या टायको या खेळण्यांच्या कंपनीकडे, आणि १९९७ मध्ये टायकोसकट मॅटेलकडे. आज मॅचबॉक्स आणि हॉट व्हील्स एकाच मालकाच्या.

ओडेल स्वस्थ बसला नाही. १९८२ मध्येच त्याने लेस्नीची काही यंत्रं घेऊन लेडो नावाची नवी कंपनी काढली, आणि जुन्या काळच्या व्हॅन आणि बसच्या ‘डेज गॉन’ मालिकेने सुरुवात केली. तेव्हा तो साठीच्या पुढे होता. लेस्ली स्मिथ २००५ मध्ये वारला, ओडेल २००७ मध्ये. हॅक्नीच्या कारखान्याची इमारत २०१० मध्ये पाडली.

भारताबद्दल एक छोटी चौकट. साठच्या दशकाच्या अखेरीपासून कोलकात्याच्या निकी टॉइजने डिंकीचे जुने साचे आणून गाड्या ओतल्या. पुढे लिओच्या नावाने हॉट व्हील्सही इथे विकल्या गेल्या, आणि आजच्या चाळिशी-पन्नाशीतल्या पुष्कळ लोकांच्या हातात पहिली डायकास्ट गाडी आली ती लिओची. चौकट एवढ्यावरच थांबवली. तो वेगळ्या कपाटाचा विषय आहे.

७ सप्टेंबर

नाना गावाहून परतले ते एक रिकामी पेटी घेऊन. माळ्यावर शिवणाच्या डब्यात बटणं ठेवायला वापरलेली, पिवळी-निळी, काडेपेटीसारखीच. एका कडेला फिकट अक्षरांत ‘मोको लेस्नी’.

यामुळे एक फलक वाढला, आणि तो हवाच होता. लेस्नीला गाड्या बनवता येत होत्या, पण दुकानांपर्यंत पोचवण्याचं जाळं नव्हतं. ते होतं मोको या वितरकाकडे. मोझेस कोन्स्टाम हा जर्मनीतल्या फ्युर्टचा खेळण्यांचा व्यापारी, त्याच्या नावातून मोको. मॅचबॉक्सच्या काळात धंदा रिचर्ड कोन्स्टाम बघत होता. कितीतरी वर्षं पेटीवर आधी वितरकाचं नाव आणि मग बनवणाऱ्याचं असायचं. १९५९ मध्ये लेस्नीने मोकोचा हिस्सा विकत घेतला, आणि त्यानंतर पेट्यांवर ‘अ लेस्नी प्रॉडक्ट’ येऊ लागलं.

पेटीवरचा नंबर पुसट होता. खिडकीपाशी तिरक्या उजेडात धरल्यावर ५ दिसला. बसची पेटी. करड्या चाकांवरून बसचा जो काळ धरला होता त्याच्याशी मोकोचं नाव जुळतं. लेबल पक्कं करायला हरकत नाही.

पेटीला आतून पातळ आम्लरहित कागदाचा आधार दिला. फाटलेली झडप चिकटवलेली नाही, नुसती टेकवली आहे.

१३ सप्टेंबर

मांडणी झाली. फळ्या चार. वरच्या फळीवर रोडरोलर, ट्रॅक्टर, बस आणि तिची पेटी. दुसरीवर थंडरबर्ड आणि साठच्या दशकातल्या गाड्या. तिसरीवर दोन बीटल. चौथी फळी मुलांच्या उंचीला, तिथे नानांच्या गाड्या नाहीत. तिथे उताराची फळी आणि बाजारातून आणलेल्या नव्या गाड्या आहेत, खेळायला. त्या खराब झाल्या की नव्या आणायच्या, तेवढी तरतूद वाचनालयाने केली आहे.

आरशात बसचं पोट स्वच्छ दिसतं, पण रोडरोलरखालची अक्षरं सावलीत जातात. एलईडीची पट्टी फळीच्या पुढच्या कडेला खालून लावावी लागेल. इलेक्ट्रिशियन मंगळवारी येतोय. तोवर कपाट उघडं ठेवायचं नाही, किल्ली ग्रंथपालबाईंकडे.